शेजारच्या आंटीच्या डोक्याला तेल
हिवाळ्यात गोठलेली खोबरेलाची बाटली खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर ठेवली आणि वास सुटला, की मला आमच्या बर्मिंगहॅमच्या घराशेजारची जमैकन आंटी आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिच्या मुलीसारख्या, डोक्याला चिकटून गुंफलेल्या बारीक वेण्या मला हव्याच होत्या. आई आधी नाही म्हणाली, मग पोरीला कोरड्या केसांनी लोकांकडे कसं पाठवायचं म्हणून तिने माझ्या डोक्यावर चपचपीत तेल थापलं. आंटीने मला गुडघ्यांमध्ये बसवलं. पण माझे केस मुळात सरळ, त्यात तेल, एक वेणी गुंफेपर्यंत आधीची सुटायची. मला रडू फुटलं. आंटीने मात्र तेलकट बोटं नाकाशी नेली. “माझी आई हे तेल घरी करायची,” ती म्हणाली, “इथे आल्यापासून माझ्या डोक्याला कुणी लावलं नाही.” मी घरी येऊन हे आईला सांगितलं. आईचं इंग्लिश तेव्हा ‘थँक्यू’च्या पुढे जात नव्हतं. तिने कोट चढवला, बाटली उचलली आणि शेजारी गेली. “बस गं खाली,” ती आंटीला सरळ मराठीतच म्हणाली, आणि आंटी कार्पेटवर, आईच्या गुडघ्यांमध्ये बसली. तिच्या वेण्यांमधल्या एकेका भांगात आई बोटाने तेल सोडत राहिली. आंटीने डोळे मिटून घेतले होते. आता माझं तेल मीच लावते. हात सगळीकडे पोचतो, पण डोळे काही तसे मिटत नाहीत.