मावशी, मुक्काम पोस्ट कर्जत

आमच्या समोरची मावशी इस्रायलला राहायला गेली, असं सरकार म्हणतं, विमान कंपनी म्हणते, आणि तिचा मुलगा तर शपथेवर सांगायला तयार आहे. माझा मात्र अजिबात विश्वास नाही. गेलं ते तिचं सामान गेलं. मावशी कर्जतहून तसूभरही हललेली नाही. शनिवार सोडला तर रोज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न असतो, "माथेरानवर ढग हाय का रं?" मी खिडकीतून डोंगराकडे बघून हो म्हणालो की तिकडे वाळवंटातल्या गच्चीवर वाळत घातलेले पापड आत जातात. डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी जातात. सून बिचारी आकाशाकडे बघते, सासूकडे बघते आणि पापड उचलते.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्याच कोकणातली ज्यू. तिचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. तिचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र. तो फार पूर्वीच तिकडे गेला, तिकडेच लग्न केलं. काका वारल्यावर त्याने आईला नेलं. निघताना मावशीने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "जाऊन बघते. नाय करमलं तर परत येते. तवर घर जागतं ठेव." आणि दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी बसवलेली आहे. आत धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी असते, तिला मेझूझा म्हणतात. जाता-येता मावशी डबीला बोटं लावून ती ओठांना लावायची. "कुलूप काढशील तवा हात लाव. तू कुनी का असेना, तिला कुनीतरी लागतं." तेव्हापासून मी दर रविवारी ते घर उघडतो, डबीला हात लावतो, झाडून घेतो आणि पुन्हा हात लावून बाहेर पडतो. बायको म्हणते, आपल्या घरातल्या देवाला तुम्ही इतक्या नेमाने नमस्कार केलेला मी पाहिला नाही. खरं आहे. पण आपल्या देवाची किल्ली मला कोणी सांभाळायला दिलेली नाही.

मावशीची आगोट हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाआधी घर शाकारायचं, सुकी मासळी भरायची, ही आपल्याकडची रीत. पहिल्याच मे महिन्यात तिने मुलाला गच्चीवर चढवलं आणि निळी ताडपत्री बांधून घेतली. त्या गावात उन्हाळाभर ढगसुद्धा वाट चुकून येत नाही. शेजारीपाजारी कुतूहलाने बघायला जमले. मुलाने काय सांगितलं देव जाणे. ताडपत्री दसऱ्यापर्यंत उन्हात तडतडत राहिली. दसरा झाला, पाऊस संपला, म्हणून मावशीने स्वतः उभं राहून ती सोडवली. तिकडचा पाऊस सुरू होतो तो त्यानंतर! थंडीत एक सणसणीत सर आली, छत गळलं आणि सुनेचा नवा सोफा भिजला. मला फोन करून म्हणाली, "हितला पाऊस येडा हाय. थंडीत पडतो. त्याला काय वळनच नाय." चूक पावसाची, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

भाषेचं म्हणाल तर तिला हिब्रू येते, पण ती प्रार्थनेतली. लहानपणापासून पाठ. त्यामुळे देवाशी ती अस्खलित बोलते आणि भाजीवाल्यापाशी अडते. मग मराठी सुरू होते. "येवढुशी मेथी, आन् भाव सोन्याचा?" असं ती तावातावाने विचारते. भाजीवाल्याला शब्द कळत नाही, सूर बरोबर कळतो आणि तो एक जुडी वर टाकतो.

पण तिचं खरं दुखणं शनिवारचं. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी रात्र पडेपर्यंत मावशी चूल पेटवत नाही की दिव्याचं बटण दाबत नाही. दुसऱ्याला उघड सांगायचंही नाही, असा तिचा नियम. म्हणून कर्जतला ती दारात येऊन नुसतं म्हणायची, "काय बाई आज लवकर काळोख झाला!" की माझी आई हातातलं काम टाकून समोर जायची आणि दिवा लावून यायची. दोघींनी उभं आयुष्य यावर काढलं. एकीने कधी सांगितलं नाही, दुसरीने कधी विचारलं नाही. इस्रायलला पहिल्या शुक्रवारी मावशी गॅलरीत गेली आणि जोरात म्हणाली, "काय बाई काळोख झाला!" शेजारणीने हसून हात हलवला आणि आत गेली. "आरं, हितं समदेच यहुदी! दिवा लावायला येक हिंदू मिळत नाय," असं तिने मला कळवळून सांगितलं. त्याहून मोठा घाव पुढे होता. "कर्जतला आमी येकटं घर, पन शनवार मोडला नाय. हितं आख्खा देस आपला, आन् शनवारी माझा ल्योक गाडी काढून दर्यावर जातो!" त्या दिवशी ती रडली. "पुढल्या म्हयन्यात येते मी," म्हणाली. मग प्रत्येक फोनच्या शेवटी हे वाक्य ठरून गेलं. मी ते खरं धरून चालायचो. गाद्यांना ऊन दाखवायचो. ती यावी असं मला मनापासून वाटत होतं. आई गेल्यापासून त्या दोन घरांमधलं येणंजाणं सांभाळणारा मीच उरलो होतो.

मग बिरड्याचा सण आला. हा त्यांचा दुःखाचा उपास, पावसाळ्यात येतो, आणि तो सोडायला वालाचं बिरडं लागतंच. मावशीने फर्मान सोडलं, वाल खालापूरकडचेच हवेत, कडवे. तिकडे निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर मी पाठवले. त्या कोरड्या हवेत मोड येईनात. मावशीने वालाचं गाठोडं ओल्या पंच्यात बांधून न्हाणीघरात, कपडे धुवायच्या मशीनवर ठेवलं आणि मशीन चालू करायची घरच्यांना बंदी केली. मोड आले. घरातले कपडे संपले.

सोलायला बसल्यावर मात्र तिने फोन समोर उभा केला, सोबतीला. "कर्जतला सोलायला आळी जमायची. हितं मी आन् तू." तेवढ्यात तिची नात आली. ताडमाड, लष्करातली नोकरी नुकतीच संपलेली, मराठीचा गंध नसलेली. तिने एक वाल दाबला. टपकन दाणा उडाला आणि आजीच्या कपाळावर बसला. मावशी हसली, पोरगी हसली आणि खाली मांडी घालून बसली. दोघींनी सगळं गाठोडं संपवलं. मला विसरल्या. मी बराच वेळ छताकडे तोंड करून पडलेल्या फोनमधून नुसती टपटप ऐकत होतो.

त्यानंतर फोनच्या शेवटचं ते वाक्य कमी झालं. ती नात शुक्रवारी येऊ लागली. दिवस मावळायच्या आधीच तिने दिव्याला वेळ लावून द्यायची युक्ती काढली. काळोख पडला की दिवा आपोआप लागतो. मावशी म्हणते, "तुझ्या आयसारखा. सांगावं नाय लागत." आणि परवा तिने सांगितलं, नातीचं लग्न ठरलंय, ती नवं घर मांडते आहे, आणि तिला दारावर आजीच्या घरचीच डबी हवी आहे. "तर ती काढ चौकटीवरनं, आन् येनाऱ्याबरोबर धाडून दे. मी आता ऱ्हाते हितंच. पोरीला बिरडं कोन शिकवनार?"

मला आनंद झाला. खरंच झाला. पण तोंडातून निघालं, "मावशी, तिचे स्क्रू गंजलेत."

"मंग तेल घाल की! आमी तेली लोक, आमाला गंजाचं सांगतोस व्हय?"

गंजबिंज काही नाही, मीच दर दिवाळीला ते पुसतो. तेलाची बाटलीही दारामागेच आहे. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो, डबीला हात लावला, झाडून घेतलं आणि पुन्हा हात लावून परत आलो. लग्न अजून लांब आहे. मावशी रोज विचारते, काढलीस का रं? आणि आता फोनच्या शेवटी मीच म्हणतो, "काढतो की, पुढल्या महिन्यात."