झिजलेल्या तळाचा बूट

तुमच्या घरातल्या मोडलेल्या पायाच्या माणसाला तुम्ही प्रेमापोटी खाटेवर डांबून ठेवलंय का? प्रश्न माझा नाही, सरूआत्याचा आहे. गेल्या महिन्यात मानवतहून परभणीला परतताना एसटीतच तिचं हृदय थांबलं. मांडीवर रुग्णांची वही उघडीच होती, असं कंडक्टर फोनवर म्हणाला…

आत्या पोखर्णीच्या मेंढपाळ घरातली. मेंढीचा पाय मोडला की आजोबा बांबूच्या कामट्या बांधून तिला कळपामागे सोडत. बांधून ठेवलेल्या मेंढीपेक्षा चालणारी लवकर सावरते, हे आत्याने लहानपणीच हेरलं. पुढे हाडांवर संशोधन करताना कारण कळलं: पावलागणिक पडणारा बेताचा दाब हाडातल्या पेशी ओळखतात आणि तिथे नवं हाड रचतात. मग तिने तळाला स्प्रिंग असलेला बूट बनवला. हाड जुळेल तसा पायावरचा भार त्यात थोडाथोडा वाढवता येई. डॉक्टरांच्या संमतीने मोजक्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली, आणि फसू लागली. ती पुरती फसली असती, तर तो बूट कायमचा अडगळीत गेला असता.

का फसतेय ते पाहायला मानवतला हमाली करणाऱ्या, नडगी मोडलेल्या एका मामांकडे मी तिच्यासोबत गेले. मामा खाटेवर, बूट कपाटावर, धुऊन-पुसून फडक्यात गुंडाळलेला! आत्याने तो उलटा करून तळ पाहिला.

"नवाकोरा हाय की! मामा, तुमी उभे राह्यलात हे हाडाला कळावं कसं?"

मामांचा मुलगा पुटपुटला, "ताई, लोक म्हणतील, बापाला मोडक्या पायानं चालवायलाय."

"मग हे फडकं लोकांच्या तोंडाला बांधा."

लोकांच्या या भीतीविरुद्ध मी संतापून पत्रक लिहिलं. वाचून ती हसली. "क्रांती लय हाय गं यात. पाय कधी टेकवायचा, ते न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ती रोज एसटीने मानवतला जाऊ लागली. मामांच्या काखेत हात घालून त्यांना अंगणात चालवायची, शिव्याही खायची. पत्रक वाटण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं. मामा एकटे चालू लागल्यावर ती तिथल्या दुसऱ्या रुग्णांकडे वळली.

तिच्या दहाव्याला मामा आले, काठीशिवाय. पिशवीतून बूट काढून त्यांनी तळ माझ्यापुढे धरला. टाच पार घासलेली. "ताईला दाखवायचा राह्यला…"

तो आता तिच्या टेबलावर आहे. वही तिच्या सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवलीय, रोजची फेरी मी घेतलीय. तुमच्याकडे एकच मागणं: डॉक्टरांनी पाय टेकवायला सांगितलं असेल, तर आज संध्याकाळी घरातल्या त्या माणसाला उठवा. लोकांना बोलू द्या. तुम्ही त्याचा हात धरा आणि दारापर्यंत चाला.