विहिरीतले चाळीस फेरे

चैत्र वद्य पंचमी, सोमवार, सकाळी सात. जागा: नदीचा डोह. हजर: डोंगेवाल्याची आई, तेलाच्या घाण्यावरची भाभी, शाळेच्या गुरुजींची पत्नी आणि मी, गावच्या दवाखान्यातली नर्स. गैरहजर कोणी नाही.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. खाली ‘परीक्षा’ असं लिहून ‘पास’सुद्धा लिहून ठेवलं होतं. ते नंतर खोडावं लागलं.

आमच्या गावासमोर, नदीपलीकडे, एक वस्ती आहे. पावसाळ्यात तिकडे जायला लाकडाचा एकच डोंगा. डोंगेवाल्याच्या घरचा जुना नियम असा की, पूर असला तर पोहता न येणाऱ्याला डोंग्यात घ्यायचं नाही. आदल्या भाद्रपदात पलीकडून बाळंतपणाचं बोलावणं आलं, तेव्हा या नियमापायी मी पेटी घेऊन काठावर उभी राहिले. बाळ शेजारणीच्या हाती झालं. आई वाचली, पण रक्त इतकं गेलं होतं की अंथरुणातून उठायला तिला संक्रांत आली. आता त्याच वस्तीतली दुसरी एक सून आषाढात बाळंत होणार होती. तेवढ्या मुदतीत मला पोहणं यायला हवं होतं. माझं वय बेचाळीस.

फाल्गुनात सुरुवात केली, तीही एकटीने. ज्या बायकांना मी रोज औषधाचे डोस समजावून सांगते, त्यांच्यासमोर नाकातोंडात पाणी जाऊन खोकायची माझी तयारी नव्हती. मळ्यातली पायऱ्यांची विहीर निवडली. कासोटा घट्ट खोचला, कमरेला दोन वाळके भोपळे बांधले, वही वरच्या पायरीवर ठेवली. पहिला आठवडा पायरी धरून पाय मारणे. दुसऱ्यात भोपळ्यांसह पाच फेरे. मग एक भोपळा, मग एकही नाही. चैत्र लागला तेव्हा विहिरीच्या कडेकडेने मी न थांबता चाळीस फेरे मारत होते. वर कोणी नसताना विहिरीत उतरणं हा शुद्ध मूर्खपणा होता. तेव्हा मात्र वहीतले आकडे वाढताना पाहून फार बरं वाटायचं.

डोंगेवाल्याची आई साठीच्या पुढची. परीक्षा तीच घेणार होती. डोहापलीकडचा पळस दाखवून ती म्हणाली, “थ्या झाडापाशी जा. बस.”

मी उतरले. दहा-बारा हात नीट मारले. मग पाहते तो पळस उजवीकडे सरकलेला. जोर वाढवला, तर तो दिसेनासाच झाला. डोकं वर काढलं, तो समोर आमचाच धुण्याचा खडक आणि त्यावर पाय सोडून बसलेली भाभी.

“काऊन हो बाई, काही विसरल्या काय इकडं?”

दुसऱ्यांदा निघाले, तरी तेच. म्हातारी हसली नाही. तिने विचारलं, “विहिरीत शिकल्या ना?”

“हो.”

“भिंत उजव्या हाताले ठेवून?”

“हो. चाळीस फेरे होतात माझे.”

“मंग तुमाले वळणं येते. पवनं कुठं येते?”

“आमच्या घाण्याचा बैल बी असाच हाये,” भाभी म्हणाली. “सोडला तरी आंगणात गोलच फिरते.”

गुरुजींच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं, पण आषाढ जवळ येत होता.

“सोमवारी अन् शुक्रवारी धुणं घेऊन या,” म्हातारी म्हणाली. “एकटं नाही यायचं.”

तेव्हापासून आम्ही आधी धुणी उरकायचो आणि मग पाण्यात उतरायचो. भाभी पुढे, गुरुजींची पत्नी माझ्या डावीकडे, म्हातारी मागे. मी डावीकडे वळले की बरगडीत कोपर बसायचं, “बाई, रस्ता तिकडं हाये!” भाभी पोहता पोहता सगळ्या गावाच्या बातम्या सांगायची. त्यामुळे हात मोजणं अशक्य. त्या दोन महिन्यांत वहीत तारखेशिवाय काही नाही. खोकले तर भरपूर, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. उलट त्यानंतर दोघीतिघी अशी दुखणी सांगायला दवाखान्यात आल्या, जी त्यांनी आधी कधी सांगितली नव्हती.

विहिरीतले दिवस वाया गेले असं मी म्हणणार नाही. दम तिथेच आला, भीतीही तिथेच गेली. पण मी वाकडी चालले आहे हे सांगायला तिथे कुणी नव्हतं, आणि विहिरीच्या भिंतीला ते कसं कळणार?

ज्येष्ठाच्या शेवटच्या शुक्रवारी मी पळसापर्यंत सरळ गेले आणि सरळ परत आले. म्हातारी म्हणाली, “पोराले सांगते.” एवढाच निकाल.

आषाढात बोलावणं आलं तेव्हा पाणी गढूळ होतं आणि दोन्ही काठ भरले होते. डोंगेवाल्याने मला मधोमध बसवलं. पेटी मांडीवर. पलीकडे पोहोचले, दुपारपर्यंत मुलगी झाली. रक्तस्राव थोडा, नाडी चांगली, आईने पेज मागून घेतली.

परतताना भर पाण्यात डोंगा एकदा हिसकला. मी दोन्ही हातांनी पेटी कवटाळली. डोंगेवाल्याने पाहिलं.

“उलटला तं तुमी निघसान, बाई. पण पेटी कोन काढन?”

याचा मी विचारच केला नव्हता. कात्री, नाळ बांधायचा दोरा, इंजेक्शनं, उकळून ठेवलेली फडकी असं सगळं त्या लाकडी पेटीत, आणि तिच्या झाकणाला बोटभर फट. घरी येताच मापं घेतली. घट्ट झाकणाचा, पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा डबा तालुक्याला, मोताळ्याच्या बाजारात, कथलाने सांधे झाळून मिळेल. श्रावण निम्मा झाला. पलीकडच्या आणखी दोघी आठव्या महिन्यात आहेत. मापाचा कागद पेटीतच आहे आणि मोताळ्याला जाणं अजून झालेलं नाही.