ओलीचा अर्ज

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा. आई गेल्यावर तिनं सातवीत शाळा सोडली, टेंभुर्णीत लोकांचा कापूस वेचला आणि मला पदवीपर्यंत शिकवलं. म्हणून जालन्यात नवा फ्लॅट घेतला तेव्हा आतली खोली ताईची, हे आम्ही नवरा-बायकोनं आधीच ठरवलं होतं. दिवाळी झाली की ती कायमची राहायला येणार होती.

ताबा देताना बिल्डरनं हमीचा कागद दिला. पाइप फुटला, विजेचा धोका दिसला तर लगेच फोन करा; बाकी दुरुस्तीला लेखी अर्ज द्या. ताईच्या खोलीत भिंतीला ओल आली, ती मी बाकी दुरुस्तीत धरली. अर्ज लिहिला, पोच घेतली. शाळेपासून मला एवढंच नीट येतं.

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. टाकीला जाणारा पाइप त्याच भिंतीत. मोटर लावली की डाग वाढायचा, दोन दिवसांत वाळायचा. सुपरवायझर नेमका कोरड्या दिवशी आला आणि रंग मारून देतो म्हणाला. मी दुसरा अर्ज दिला.

पुढच्या पाण्याला ओल स्विचबोर्डापर्यंत गेली. बटण दाबताना बायकोच्या हाताला झिणझिण्या आल्या. मी कोरा कागद शोधू लागलो.

"अहो, माणूस गेल्यावर पोच घेणार का?" ती म्हणाली. तिनं मेन स्विच पाडला आणि बिल्डरला फोन लावला. बोर्डात पाणी शिरलंय, करंट लागतोय, एवढंच सांगितलं. तासाभरात माणसं आली. भिंत फोडली तर पाइपचा जोड सुटलेला.

"साहेब, बोर्ड बाजूलाच है, हे लिहिलंच न्हाई तुम्ही," सुपरवायझर म्हणाला. "दोन्ही अर्जांत नुसती ओल."

त्याचं खरं होतं.

ताईला फोन केला असता तर "भिंतीला हात लावणार न्हाई" म्हणत ती आलीच असती. म्हणून पत्र टाकलं.

"ती. ताईस नमस्कार.

तुझी खोली फोडली आहे. वायरी बदलायच्या आहेत, भिंत वाळायला महिना जाईल. तोवर येऊ नकोस. धोका समोर होता, मला ओळखता आला नाही. तुझ्या भावजयीनं ओळखला. तुझ्याकडं बोर्डाजवळ ओल दिसली तर कोणाला विचारत बसू नकोस. आधी मेन पाड, मग वायरमनला बोलाव. इथलं काम झालं की बोर्ड मी स्वतः तपासून घेईन आणि तुला न्यायला येईन. रागावू नकोस."