आप्पा गुहेत गेले ती संध्याकाळ

बेळगावजवळ काकतीच्या पुढं डोंगराच्या पोटात एक गुहा आहे. तिच्यात वटवाघळं राहतात हे आसपासच्या गावांना पहिल्यापासून ठाऊक होतं, पण ती बघायला म्हणून कोणी जात नसे. मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि रविवारी संध्याकाळी तिथं गाड्यांची रांग लागायला लागली. वनखात्यानं गुहेच्या तोंडापुढं दोरी बांधली आणि एक पहारेकरी बसवला. खाली रस्त्याला भेळेचा गाडा आला.

माझे वडील, आप्पा, हायस्कुलात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांना विसर पडायला लागला. अनगोळातल्या घरातून भाजी आणायला म्हणून निघायचे आणि शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडून ठेवू नका, नवं काही दाखवत जा. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते, रविवार तेवढा मोकळा मिळतो. अशाच एका रविवारी आई, आप्पा आणि मी गुहेकडं गेलो. त्याआधी आमच्यातलं कोणीच तिथं गेलेलं नव्हतं.

दोरीच्या अलीकडं सपाट कातळ होता. त्यावर लोक सतरंज्या टाकून बसले होते. आम्हीही कडेची एक जागा धरली. गुहेचं तोंड बुटकं, आडवं. आतून उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास येत होता. आईनं पदर नाकाला लावला. आप्पा मात्र मान पुढं काढून, वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं बघावं तसे आत बघत होते.

"काय दिसतंय आप्पा?" मी विचारलं.

"गप. बोलायलेत आत," ते म्हणाले.

आतून खरंच बारीक चिरचिर येत होती. मी हसून मान डोलावली.

सूर्य मावळला. एव्हाना वटवाघळं बाहेर पडायला हवी होती. पहारेकरी म्हणाला, "आधी तोंडापाशी घिरट्या घालत्यात, मग निघत्यात. थांबा जरा." थांबलो. आभाळ तांबूस झालं, मग राखेच्या रंगाचं. लोकांच्या गप्पा आपोआप खाली आल्या. तेवढ्यात दोन पोरांनी मोठा टॉर्च लावून दोरी ओलांडायचा प्रयत्न केला आणि पहारेकरी त्यांच्यावर ओरडत धावला, "यारू ओळग होगब्याड्री! आत जाऊ नका म्हटलं न्हवं!" सगळे तिकडं बघायला लागले. टॉर्च विझला. आणि एकाएकी ती आतली चिरचिर थांबली.

ती शांतता मला अजून आठवते. एवढी माणसं बसलेली, पण कुणाच्या श्वासाचाही आवाज नाही. मी सहज शेजारी हात टेकला, तर सतरंजी रिकामी.

"आई, आप्पा कुठायत?"

आई गुहेकडं बघत होती. आतून, बऱ्याच लांबून, आप्पांचा आवाज आला. "आलो रं अण्णा. थांब की जरा."

मी दोरीखालून वाकून धावले. पहारेकऱ्यानं माझा दंड धरला. "आक्का, आत उतार हाय, घसरून पडशिला. मी जातो." मी तोंडाशी उभी राहून हाक मारली, "आप्पा!" माझीच हाक आतून परत आली, पण उशिरा आणि जरा वेगळ्या सुरात. कुणीतरी माझ्या हाकेची नक्कल करून बघावी तशी.

पहारेकऱ्यानं टॉर्च पेटवला आणि एक पाऊल टाकलं. तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला. माझं आजोळ निपाणीचं. तिथं वखारीत वाळलेली तंबाखूची पानं उलटताना सळसळ होते, तसा तो आवाज. तो वाढत वाढत अंगावर आला आणि वटवाघळं निघाली. आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. माझ्या तोंडावरून वारं सपसप जात होतं.

त्या काळ्या लोंढ्यातून आप्पा चालत आले. सावकाश, रस्त्यानं फिरायला निघाल्यासारखे. वटवाघळं त्यांच्यापाशी दुभंगत होती आणि पुढं जाऊन पुन्हा मिळत होती. एकही त्यांना शिवलं नाही. मागं कातळावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

मी आप्पांना गच्च धरलं. त्यांचं अंग गार पडलं होतं, पण चेहरा प्रसन्न होता.

"अंधारात एकटे कशाला गेलात?"

"एकटा कुठला? अण्णानं हात धरूनच तर नेलं. परत पण त्यानंच आणून सोडलं," ते म्हणाले.

घरी आप्पांना गरम पाण्यानं आंघोळ घातली, कुठं ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तपासून काही नाही म्हणून सांगितलं. आप्पा झोपल्यावर मी आईला विचारलं, "हा अण्णा कोण गं?"

"मी पण तेच म्हणतेय," आई म्हणाली. "भावंडांत थोरले हेच. ह्यांना कुठला आलाय अण्णा?"

कंग्राळीला माझी आत्या असते, आप्पांच्या पाठची बहीण. तिला फोनवर गुहेतलं सगळं सांगून विचारलं तर ती म्हणाली, "दादाच्या आधी एक झाला होता. नुसता चालायला लागला होता बघ, आणि तापानं गेला. आईनं मरायच्या आधी मला एकटीला सांगितलं. दादाला कधी सांगू नको म्हणाली. त्याला ठाऊक असायचं कारणच न्हाई."

मीही आप्पांना काही सांगितलं नाही. गुहेकडं आम्ही पुन्हा गेलो नाही. पण आत्याच्या मनात ते राहिलं. महिनाभरानं आम्ही तिच्याकडं गेलो होतो. दारात बसून ती आणि आप्पा शेंगा फोडत होते. दिवस मावळतीला आला होता. मी खुणेनं नको नको म्हणत असताना आत्या बोललीच, "दादा, तुझ्या आधी एक भाऊ होता रं आपल्याला."

आप्पांनी शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले.

"व्हय, ठाऊक हाय की," ते म्हणाले. "लई बारका हाय गं तो. हात धरायचा म्हटलं तर वाकून चालावं लागलं मला."

आत्यानं मूठ मिटली. मग ती उठली आणि अजून उजेड होता तरी घरातले सगळे दिवे लावून आली. आप्पा तिच्याकडं बघून हसले आणि पुढची शेंग उचलली.