स्वखुशीचं पत्र

माझ्या मुलीला शाळेतून मीच काढलं. कुणी विचारलं तर आजही हेच सांगावं लागतं, कारण पत्रावर सही माझी आहे.

ती इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेल गावातल्या शाळेत इयर टेनमध्ये होती. जीसीएसईला, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या इथल्या शालान्त परीक्षेला, एक वर्ष उरलं होतं. तिला डिसलेक्सिया आहे. एक परिच्छेद वाचायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. आधी वर्गात तिच्या शेजारी एक मदतनीस बाई बसायच्या. त्या सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. युनिफॉर्म घालून ती जिन्यावर बसून राहायची. एकदा तिथूनच म्हणाली, "आई, मी वेडा आहे का?" एरवी मी तिचं मराठी सुधारते. त्या दिवशी ते न सुधारता तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मी ब्रॅकनेलमध्येच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. नऊच्या मीटिंगला रोज उशीर, रोज माफी.

मे महिन्यात उपमुख्याध्यापिकांनी बोलावलं. फार मायेनं बोलल्या. "तिला घरी शिकवायचा विचार केलाय का? तिच्यावरचा ताण जाईल. नाहीतर गैरहजेरीसाठी तुम्हाला दंड लावावा लागेल, आणि ते मला अजिबात आवडणार नाही." संध्याकाळी पत्राचा मजकूरही त्यांनीच ईमेल केला. 'आम्ही स्वखुशीने' अशी सुरुवात होती.

नवरा म्हणाला, "दोन दिवस थांब. कुणाला तरी विचारू."

"त्या टीचर आहेत," मी म्हटलं. "त्या कशाला वाईट सांगतील?"

सोमवारी पत्र दिलं, शुक्रवारी तिचं नाव पटावरून गेलं.

मला वाटलं होतं, शाळा निदान अभ्यास पाठवेल. काहीच आलं नाही. परीक्षेचं सेंटरही आपणच शोधायचं, हे मला जुलैत कळलं. धावत शाळेत गेले. रिसेप्शनच्या काचेपलीकडून सांगितलं गेलं की तिची जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलीला दिली आहे. आत सोडलं नाही.

मी शाळांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक कौन्सिलला फोन केला. पलीकडच्या बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "परीक्षेच्या वर्षी जानेवारीत सरकार शाळेचा पट मोजतं. तेव्हा मूल पटावर नसलं, तर शाळेच्या निकालात ते धरलं जात नाही. तुमच्यासारखे फोन मला बरेच येतात."

"पण तिला मदत देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं ना? कायदा आहे ना?"

"आहे. पण त्यांनी तुमच्यावर दबाव आणला, हे दाखवणारं काही लेखी आहे का?"

लेखी होता तो उपमुख्याध्यापिकांचा प्रेमळ ईमेल. 'आपल्या बोलण्यानुसार मजकूर पाठवत आहे,' एवढंच त्यात होतं. तक्रार केली. उत्तरात शाळेनं माझंच पत्र जोडून पाठवलं. पालकांचा निर्णय, शाळेनं त्याचा आदर केला.

मी नोकरी सोडली. सकाळभर डायनिंग टेबलावर तिला गणित शिकवायचे, दुपारी शाळांना फोन लावायचे. इयर इलेव्हनच्या अर्ध्यात कुणी मूल घेत नाही. डिसलेक्सिया म्हटलं की समोरचा आवाज आणखी सभ्य होई. नोव्हेंबरपर्यंत ती खोलीतून बाहेर यायचीही बंद झाली. दाराबाहेर जेवणाचं ताट ठेवून मी तिथेच फरशीवर बसायचे, आतून चमच्याचा आवाज येईपर्यंत. कधी यायचा, कधी नाही.

एका संध्याकाळी तिने दार उघडलं आणि शांतपणे विचारलं, "त्यांना मी नको होते, ते मला कळलं. पण तू साइन का केलंस?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला बरं वाटेल." ते खरं होतं. रोज नऊ वाजता जिन्यावर उभं राहून मी थकले होते, हेही खरं होतं. ते मी बोलले नाही. तिने दार लावून घेतलं.

फेब्रुवारीत दोन बस बदलून जावं लागणाऱ्या एका शाळेनं तिला घेतलं, फक्त गणित आणि इंग्रजीसाठी. गणितात ती पास झाली. इंग्रजीत नाही.