तांबडीचा डोळा

दुपारचं जेवण झालं की परसातल्या बाजेवर मला डुलकी लागते. आज लागू नये असं वाटतंय, कारण मांडीवर तांबडी कोंबडी आहे. तिचा डावा डोळा बोराएवढा सुजलाय आणि पापण्या पिवळ्या घाणीनं चिकटून बसल्यात. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सोपं आहे: पाणी उकळून कोमट करा, त्यात चिमूटभर मीठ घाला, स्वच्छ कापसानं पापणी हलकेच सोडवा, मग मलम. बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका. दोन दिवस झाले. तिला वेगळी ठेवण्यापलीकडं माझ्या हातून काही झालेलं नाही. आत माझी मुलगी नंदा भांडी घासतेय. तो आवाज लांब लांब जातो.

"डोळा गेल्यावर घालणार हायसा व्हय मलम?"

पेरूखाली हौसा उकिडवी बसलीय. माझी बायको. ती जाऊन नऊ महिने झाले, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

"आणा हिकडं." ती तांबडीला पदरात गुंडाळते आणि तिच्या डोक्यावर पदर ओढते. अंधार झाला की कोंबडी गप्प होते. "हं, करा."

"भ्या वाटतंय गं."

"तवा वाटाय पायजे हुतं."

तवा म्हणजे तीन वर्षांमागं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती घरी आली आणि चौथ्या दिवशी डोळा चुरचुरायला लागला. माझ्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची. कुणाचे डोळे आले की माणसं माझ्याकडं यायची आणि मी शेळीचं धारोष्ण दूध डोळ्यात सोडायचो. बरे व्हायचे ते डोळे चार दिवसांत आपसूक बरे व्हायचे, नाव माझं व्हायचं. हौसा म्हणाली, डॉक्टरला इचारू. मी म्हणालो, त्याला काय कळतंय! चार थेंब सोडले. लई शहाणा मी.

पेरूच्या फांदीला सलाइनची बाटली लोंबतेय. परस संपून वॉर्ड कुठं सुरू झाला ते कळत नाही. ओळीनं खाटा, खाटांवर कोंबड्या, प्रत्येकीच्या डोळ्यावर हिरवं फडकं. डॉक्टर वाकून हौसाला विचारतात, "डोळ्यात काय घातलंत?"

"काय न्हाई, सायेब. झोपंत मीच चोळला."

तेव्हाही ती हेच म्हणाली होती. तेव्हाही मी असाच खाटेपाशी उभा होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं जातात. मी विचारतो, "खोटं का बोललीस?"

"चार माणसांत तुमची मान खाली गेली असती."

"आणि तुझा डोळा गेला त्याचं?"

"डोळ्याचं काय न्हाई. एकावर भागलं माझं." ती पदरातल्या कोंबडीला थोपटते. "पर नंदा? दर आयतवारी यायची आणि मला बोलायची. 'डॉक्टरनं नगं सांगून बी डोळा चोळलास, आता भोग.' तुम्ही शेजारी बसून भाकरी खायचासा."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतं. "सांगतो तिला."

"मी हुते तवा सांगायचं हुतं. जावा, हात धुवा आधी."

वॉर्डाच्या टोकाला नळ आहे. लाल साबण कोपरापर्यंत लावून मी हात धुतो. परत येऊन कापूस भिजवतो आणि पापणीवर टेकवतो. घाण मऊ पडते, सुटते, पापणी उघडते. आतला डोळा कोंबडीचा नाही. हौसाचा आहे, दुधासारखा पांढरा.

"दिसतंय का काही?"

"न्हाई," ती म्हणते. "पुसत ऱ्हावा."

जाग येते. तांबडी मांडीवर, डोळा तसाच चिकटलेला. ऊन कलंडलंय. माझे हात कोपरापर्यंत ओले आहेत, थेंब धोतरावर पडतायत. परसातली बादली मात्र पालथी आणि कोरडी.

नंदा चहा घेऊन येते आणि कोंबडीकडं बघून म्हणते, "नखानं खाजवून घेतलं असणार हिनं. आईसारखीच ही. सांगितलेलं ऐकायचं न्हाई."

"आईनं डोळा चोळला न्हवता," मी म्हणतो. "मी शेळीचं दूध सोडलं हुतं त्यात. ती नगं म्हणत हुती."

नंदा कप खाली ठेवते. बाजेच्या कडेला बसते. तांबडीच्या पाठीवरून हात फिरवते.

"आणि मी तिलाच बोलत ऱ्हायले, आबा," ती म्हणते. "जायच्या आदल्या दिवशीसुद्धा."

"पाणी उकळाय ठेव," मी म्हणतो. "हिचा डोळा पुसतो." ती माझ्या हातांकडं बघते, पण ते कशानं ओले झाले हे काही विचारत नाही.